सोहिबाच्या यादीतली सात माणसं

मी कर्णा बोलतोय. बोलतोय हे मुद्दाम सांगतो, कारण जन्मभर मी नुसता ओरडत आलोय. लांबी माणसाच्या उंचीहून हातभर जास्त, अंग पितळेचं, तोंड परातीएवढं. स्वर म्हणाल तर दोन, फार तर अडीच. पण ते अडीच स्वर अख्ख्या मार्गिलान गावाला ऐकू जातात. लग्न, सुंता, नवं घर, परदेशातून परतलेला मुलगा, काहीही असो, दारात आधी मी वाजतो आणि मग लोक येतात. मी वाजलो नाही तर मांडवात काही झालंच नाही असं इथली माणसं धरून चालतात.

माझा जन्म कोकंदच्या तांबट गल्लीतला. एका बुटक्या, तापट तांबटाने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला गोल केलं. पाठीवरून सांध्याची एक रेघ गेलीय, ती अजून दिसते. मला घ्यायला आलेला तुर्गुन तेव्हा तरणाबांड होता. त्याने मला ओठाला लावलं, गाल फुगवले आणि पहिल्याच फुंकरीला समोरच्या दुकानातल्या चहावाल्याच्या हातून किटली पडली. तांबट म्हणाला, "घेऊन जा बाबा याला. तू आणि हा, दोघं एकमेकांना शोभता."

तेव्हापासून मी तुर्गुनचा. एक सनईवाला, एक डफवाला आणि आम्ही दोघं अशी आमची मंडळी. त्याची दाढी काळ्याची पांढरी होईपर्यंत आम्ही किती दारांत उभे राहिलो याचा हिशेब नाही. लोक त्याला उस्ताद म्हणू लागले. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, मुलाचं लग्न झालं, आणि मग सोहिबा जन्मली. एकुलती एक नात. तिच्या चाळिसाव्या दिवशी तुर्गुनने मला अंगणात आणलं आणि छातीतली सगळी हवा माझ्यात ओतली.

पोर जी किंचाळायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

सगळे म्हणाले, लहान आहे, सवय होईल. सवय झाली नाही. ती दोन वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर बघेना, आणि भांडं पडलं तरी कान झाकून भिंतीला चिकटून बसे. बाप परदेशी कामाला असायचा, म्हणून तिची आई मुकद्दसच तिला घेऊन आधी फर्गान्याला गेली, मग ताश्कंदला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम हा शब्द सांगितला. मुकद्दसने तो घरी येऊन सगळ्यांना सांगितला. तुर्गुनची थोरली बहीण सलोमत, विधवा झाल्यापासून याच घरात राहणारी, घरातल्या सगळ्यांची आत्या, तिने तो दोनदा उच्चारून बघितला आणि म्हणाली, "असलं काही आपल्या घराण्यात नाही." जणू पाहुणा होता तो, पत्ता चुकून आलेला.

आता तुम्हाला वाटेल, अशा पोरीला माझा तिटकारा असेल. इथेच तर गंमत आहे. या घरात मला सोहिबाइतकं कोणीच जपत नाही. दर गुरुवारी ती माझे तिन्ही तुकडे सोडवते, राख-मिठाने घासते, कोरडे पुसते आणि पुन्हा जोडते. जोडताना सांध्याची रेघ एका ओळीत आली नाही तर परत सोडवते. माझ्या तोंडाच्या आत डोकावून स्वतःचा वाकडातिकडा चेहरा बघत अर्धा अर्धा तास बसते. फक्त एक अट. बसण्याआधी माझ्या नळीत जुन्या दुलईचं कापड घट्ट कोंबायचं. मी तिला चालतो, माझा आवाज चालत नाही. खरं सांगतो, सुरुवातीला मला हे फार लागलं होतं.

सोहिबाला शब्द उशिरा आले, पण आले ते मोजूनमापून. खोटं तिला बोलताच येत नाही. सलोमतने नवा झगा शिवला आणि तिला विचारलं, "कशी दिसते गं मी?" तर ही म्हणाली, "जाड." रोज सकाळी सातला ती गल्लीतून एक फेरी मारते, कानांवर बोबोची, म्हणजे आजोबांची, केसाळ टोपी, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. प्रत्येक दाराच्या कडीला एकदा हात लावते. कोणत्या घरात माणसं किती, कोण गावाला गेलंय, कोणाच्या कुत्रीला पिल्लं झालीत, सगळं तिला पाठ. गल्लीतले लोक हसतात, पण सात वाजता दार लोटलेलं ठेवतात. तिच्या हाताला कडी लागावी म्हणून.

राहिला वाढदिवस. तो म्हणजे या घराचा दरवर्षीचा घोर. आमच्याकडे वाढदिवस गपचूप होत नसतो. दार उघडं, गल्ली आत, मधे दस्तरखान म्हणजे जेवणाचं कापड अंथरलेलं, प्रत्येकाने उठून लांबलचक शुभेच्छा द्यायच्या, गालाचे मुके घ्यायचे, टाळ्या वाजवायच्या. दरवर्षी सोहिबा पहिल्या टाळीला नाहीशी व्हायची. पंधराव्या वर्षी सलोमतने हट्टच धरला. "पोरगी मोठी झाली, लोकांत मिसळायला नको? दडवून ठेवलीत तर लोक काय म्हणतील?" साठ माणसं बोलावली. आणि दारात मला उभं केलं.

तो पहिला सूर माझा होता. मी लपवत नाही. सोहिबा धावत आत गेली आणि भिंतीतल्या कोनाड्यात दुलयांची जी चळत असते, तिच्या मागे शिरली. पाहुणे जेवून गेले, भांडी घासून झाली, तरी ती बाहेर आली नाही. मुकद्दस त्या दुलयांसमोर बसून राहिली. तुर्गुन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला दुसरं काही नको. एकदा तरी तिला तिच्या स्वतःच्या दस्तरखानावर शेवटच्या चहापर्यंत बसलेली बघायचंय."

तुर्गुनने मला उचललं आणि पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

या वर्षी कोणी वाढदिवसाचं नावच काढलं नाही. जर्दाळू पिकायला लागले होते. एके दिवशी सोहिबाच एक कागद घेऊन आली आणि तिने तो पडवीच्या दारावर चार खिळ्यांनी ठोकला. गुरुवारी घासल्यावर तिनेच माझं तोंड दाराकडे फिरवलं होतं, म्हणून मी सगळा वाचला.

"वाढदिवस. सोळा. रविवार. चार वाजता सुरू, सहा वाजता संपेल. माणसं सात. आई, बोबो, आत्या, नानवाला मुमिन, ग्रंथालयातल्या झुहराबाई, शेजारची दोन जुळी. मुके नाहीत. टाळ्या नाहीत. मेणबत्त्या नाहीत. हात स्वतःच्या गुडघ्यावर. शुभेच्छा कागदावर लिहून स्वतःच्या वाटीखाली ठेवायच्या. पुलावात मनुका नाहीत. गाजरं पिवळी. आत्याने बोलायचं नाही."

मुकद्दसने वाचलं आणि ओढणीने डोळे पुसत पुसत हसायला लागली. सलोमतने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मी बोलायचं नाही? मी? या घरातलं सगळ्यात मोठं माणूस?"

"पण यादीत घेतलंय ना तुम्हाला, आत्या," मुकद्दस म्हणाली. "साठ जणांतून सात निवडलेत तिने."

"आणि गल्लीला काय सांगायचं? घरात चूल पेटणार, पुलावाचा वास सुटणार, आणि दार बंद? अगं, मयत झालेल्या घरातसुद्धा दार उघडं असतं!"

"या वर्षी सोहिबा सांगेल तसं," तुर्गुन म्हणाला. सलोमत पुटपुटत आत निघून गेली.

मग दोन आठवडे जी तयारी चालली तशी मी एवढ्या लग्नांत पाहिली नव्हती. मुकद्दस काहीही ठरवण्याआधी सोहिबाला विचारायची, आणि तिने नाही म्हटलं की ते नाही. दस्तरखान कोणता? खरखरीत नको, धुऊन धुऊन मऊ झालेला तोच. कोण कुठे बसणार? सोहिबाने गाद्यांवर खडूने नावं लिहिली. झुहराबाईंनी अत्तर लावायचं नाही, असं मुकद्दस स्वतः ग्रंथालयात जाऊन सांगून आली. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. जुळ्या भावांना बजावलं की चमचा वाटीवर आपटायचा नाही.

रंगीत तालीमसुद्धा झाली. दुपारी चार वाजता घरातले तिघं गुडघ्यावर हात ठेवून बसायचे, समोर सोहिबा, मधे घड्याळ. सलोमतची फार पंचाईत व्हायची. तोंड उघडायची, सोहिबा कागदाकडे बोट दाखवायची, तोंड मिटायची. पाचव्या तालमीला ती पूर्ण दोन तास गप्प बसली. उठताना मुकद्दसच्या कानाशी लागून म्हणाली, "अगं, बसल्या बसल्या मला चिमण्यांचा आवाज ऐकू आला. किती वर्षांनी!" तुर्गुन त्या दिवशी पोट धरून हसला.

मला त्या पोरीचं कौतुक वाटत होतं, पण तिच्या आईचं जास्त वाटत होतं. मुलीला जगासारखी करण्याचा खटाटोप मुकद्दसने कधीच सोडून दिला होता. आता दोन तासांपुरतं जग मुलीसारखं करायला ती निघाली होती, आणि तेही एकेका माणसाचे पाय धरून.

पण घोळ केला तो तुर्गुनने. आणि तोही अशा सवयीपायी, की आमच्याकडे त्याला कोणी घोळ म्हणणारही नाही.

शनिवारी तो गाजरं आणायला बाजारात गेला. पिवळी गाजरं निवडून निवडून घेणारा म्हातारा बघून कोणीतरी विचारलं, "काय उस्ताद, काय विशेष?" तुर्गुन म्हणाला, "नात सोळा वर्षांची होतेय." आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप गेलं, "या ना घरी." आमच्यात हे म्हणावंच लागतं. दारावरून जाणाऱ्या परक्यालाही आम्ही या म्हणतो. न म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. तुर्गुनने मांसवाल्याला या म्हटलं, तांदूळवाल्याला या म्हटलं, येताना गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर या म्हटलं. सनईवाल्यालाही म्हटलं. एरवी अशा या म्हणण्याला लोक छातीवर हात ठेवून "येऊ, येऊ" म्हणतात आणि येत नाहीत. पण ज्या घरातून गल्लीच्या प्रत्येक लग्नात कर्णा गेला, त्या घरच्या सोळाव्याला कोण येणार नाही?

रविवारी सकाळी मुकद्दसने कढईत डोकावलं आणि ती घाबरली. "बाबा, हे सात जणांचं आहे?"

"सात जणांचा हातच नाही गं मला," तुर्गुन ओशाळून म्हणाला. "तांदूळ घेतला की ओंजळच मोठी पडते."

चार वाजले. मुमिन गरम नान घेऊन आला, झुहराबाई आल्या, जुळी आली. सगळे चपला काढून आपापल्या खडूच्या नावावर बसले. हात गुडघ्यावर. सोहिबा निळा रेशमी झगा आणि केसाळ टोपी घालून आपल्या जागी बसली. घड्याळाकडे बघून तिने मान हलवली. तिची आई तिच्याकडे बघत होती. पडवीतून मला दोघी दिसत होत्या. इतकी शांत पंगत मी कधीच पाहिली नव्हती, आणि तिथे मी हवा होतो असं मला क्षणभरही वाटलं नाही.

चार वाजून आठ मिनिटांनी दाराबाहेर पावलं वाजली. एक नाही, दोन नाही. चाळीस माणसं. नवे कपडे, हातात जर्दाळूच्या टोपल्या, मिठाईचे डबे, आणि पुढे आमचा सनईवाला, सनई ओठांशी, डफवाला शेजारी. म्हाताऱ्याला चकित करायचं त्यांनी ठरवलं होतं.

तुर्गुन धावत पडवीत आला. फटीतून बाहेर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. आत त्याची सून दोन आठवडे रात्रंदिवस खपली होती, आणि बाहेर त्याचाच शब्द चाळीस तोंडांनी उभा होता. दारात आलेल्या पाहुण्याला परत जा म्हणणारा माणूस अजून आमच्या गावात जन्मला नव्हता.

त्याने मला उचललं. दार उघडलं. मला बघून बाहेरचे खूश झाले, सनईवाल्याने गाल फुगवले. तुर्गुनने मला ओठाला लावलं नाही. दोन्ही दारखांबांच्या खुंट्यांवर मला आडवा ठेवला. नवरीच्या वाटेवर पोरं दोरी धरून आडवी उभी राहतात ना, तसा. आणि सनईवाल्याच्या सनईवर हात ठेवला.

"काय झालं उस्ताद? वाट अडवता होय? काय हवं, मागा!" कोणीतरी हसून म्हणालं.

तुर्गुनने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा मागे घराकडे. एक हात सनईवर, दुसऱ्या हाताने त्याने मला खुंट्यांवर घट्ट दाबून धरलं. माझ्यापलीकडे चाळीस माणसं हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती. अजून चार क्षण आणि कोणीतरी टाळी वाजवणार होतं.

तेवढ्यात मागून सोहिबा आली.

मुकद्दस तिच्या पाठोपाठ धावली, पण हात लावायला धजेना. सलोमतही आली. मला वाटलं, संपलं. पोर आता दुलयांमागे जाणार. तिने दोन्ही हातांनी टोपी कानांवर दाबली होती, डोळे मिटले होते, आणि ती पुढेमागे झुलत होती. बाहेरचं हसू हळूहळू विरलं. मग तिने डोळे उघडले, माझ्या पितळेवर तळहात ठेवला, आणि एकेक माणूस मोजलं.

"चाळीस," ती म्हणाली. "यादीत नाहीत. घरी जा."

सलोमतने तोंड उघडलं. आता ही पाहुण्यांच्या पाया पडणार, पोरीच्या वतीने माफी मागणार, असं मला वाटलं. तिने बघितलं की सोहिबा तिच्याकडेच बघतेय, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"एकोणीस नंबर," सोहिबा म्हणाली. "निळं दार. पाच माणसं. चार पंचवीस. मी ताट आणते. एकवीस नंबर. तीन माणसं, एक गावाला. चार तीस. मी ताट आणते. तेवीस नंबर. सात माणसं. चार पस्तीस."

तेरा घरं तिने तशी म्हटली. एकही माणूस चुकलं नाही. तेविसाच्या नव्या सुनेला तर तिथे येऊन नऊच दिवस झाले होते. आपल्याला कोणी मोजलंय हे ऐकून ती बिचारी ओढणीआड रडायला लागली.

पहिला हलला तो एकोणिसाचा म्हातारा. त्याने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि हळूच म्हणाला, "चार पंचवीसला दार उघडं ठेवतो, मुली." आणि वळला. मग सगळेच वळले, पाय न वाजवता, टोपल्या सांभाळत. सनईवाल्याने सनई झग्यात खुपसली. कोणी रागावलं नाही. ज्या घरातून ताट येणार त्या घराने हाकललं असं कोण म्हणेल?

सोहिबाने खिळ्यावरची यादी काढली. पेन मागितलं. तिने लिहिलेलं ती कधीच बदलत नाही. एकदा यादीत चार अंडी होती आणि दुकानात तीनच मिळाली, तर ती दोन दिवस जेवली नव्हती. त्या सोहिबाने 'चार' खोडून 'साडेपाच' लिहिलं, 'सहा' खोडून 'साडेसात' लिहिलं. पेन कागद फाडून आरपार गेलं, इतका जोर लागला तिला. मुकद्दस बघत होती. डोंगर उचलणं याहून सोपं असतं, हे त्या अंगणात तिच्याइतकं कोणाला कळणार?

मग एका पाठोपाठ एक ताट निघालं. तुर्गुन वाढायचा, सोहिबा न्यायची. दारात लोक दुवा द्यायला हात पसरायचे, बोलायला तोंड उघडायचे. ती म्हणायची, "कागदावर." आमच्याकडे शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. त्या दिवशी तेरा ताटं परत आली ती कागद घेऊन. कॅलेंडरची पानं, औषधाच्या चिठ्ठ्या, साबणाचं वेष्टण, ज्याला जे सापडलं त्यावर त्याने लिहिलं होतं.

आत मात्र तिची जागा रिकामी होती. मुकद्दस त्या रिकाम्या गादीकडे बघत बसली होती. समोर पाच माणसांचे हात गुडघ्यावर, चहा गार होत चाललेला. पाच वीस झाले. पाच पंचवीस. मुमिनने एकदा घसा खाकरला आणि लगेच माफीच्या नजरेने सगळ्यांकडे बघितलं. यंदाही पोरगी आपल्या वाढदिवसाला नाहीच, हे मुकद्दसच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

साडेपाचला सोहिबा आली. चप्पल काढली, सरळ केली. आपल्या नावावर बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली. पाहुण्यांसमोर तिचे उघडे कान मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

"आता माझा वाढदिवस," ती म्हणाली.

ते जेवले. गार पुलाव, मनुका नसलेला, गाजरं पिवळी. कोणी बोललं नाही. सोहिबाने वाट्यांखालचे कागद काढून मनातल्या मनात वाचले, दोनदा वाचले, एकावर एक रचले. मग गल्लीचे वाचले. पहिला चहा झाला, दुसरा झाला. शेवटचा चहा तिने स्वतः ओतला, आईला आधी. मुकद्दस लेकीकडेच बघत होती, वाटी कलंडून चहा दस्तरखानावर सांडला, आणि ती तशीच हसत, रडत बसून राहिली. आवाज मात्र तिने केला नाही. साडेसातला सगळे उठून गेले, कारण तसं यादीत होतं.

या गोष्टीला आता दहा महिने झाले. हिवाळ्यात तुर्गुनचे पुढचे दात गेले, ओठांत हवा टिकत नाही, म्हणून आमचं दारोदार जाणं थांबलंय. लोक येतात, मला मागतात, तो नाही म्हणतो. तुम्हाला वाटेल मी खंत करत असेन. वाजायची हौस अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण एक विनंती आहे. आमच्या गल्लीत वरात आणलीत तर वळणावरच थांबा, आणि माझ्या कोणा भावाला ओठाला लावण्याआधी आत कोण राहतं ते विचारा. विचारायला फार वेळ लागत नाही.

काल सोहिबाने पडवीच्या दारावर नवा कागद ठोकला. वाढदिवस. सतरा. मी आपला सवयीने वाचत गेलो. मुके नाहीत, टाळ्या नाहीत, गाजरं पिवळी. आत्याने थोडं बोललं तरी चालेल. माणसं आठ. आई, बोबो, आत्या, मुमिन, झुहराबाई, दोन जुळी. आणि शेवटी, बाकीच्यांइतक्याच मोठ्या अक्षरात, 'कर्णा'. खाली गादीची जागाही काढलेली आहे, लांबट, तिच्या शेजारची.